हाताने घडवलेल्या चष्म्याच्या फ्रेमला वीस-पंचवीस हजार मोजावेत, असं तिच्यात काय असतं?

तुमचा प्रश्न असा, की हजार रुपयांची फ्रेमही लांबून तशीच दिसते, मग हाताने घडवलेलीला एवढे पैसे कशाला? मी सांगलीचा. चौथीपासून चष्मा आहे आणि गेली सहा वर्षं जपानमधल्या साबाए या शहरात हाताने घडवलेली एक फ्रेम वापरतोय. तिकडे नोकरीला असलेल्या भाच्याने आणून दिली.

लांबून फरक कळत नाही हे खरंच. फ्रेम हातात घ्या आणि काडी सावकाश मिटा. माझ्या फ्रेमची काडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ताणाने मिटते, मध्ये कुठे सैल पडत नाही. मग काडी उघडून ती पुढच्या भागाला जिथे टेकते त्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडकत नाही, कारण काडी बसवल्यावर दोन्ही भाग एकत्र कानसून एका पातळीत आणलेले असतात. म्हणजे ती काडी त्याच फ्रेमला जुळवलेली असते.

स्वस्त प्लास्टिक फ्रेम बहुतेक वेळा साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून निघते. चांगली फ्रेम अ‍ॅसिटेटच्या पत्र्यातून कापतात. अ‍ॅसिटेट हे कापसाच्या सरकीवरच्या बारीक तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनतं. रंग आरपार असतो, वरून मारलेला नसतो. कापलेले भाग लाकडाच्या तुकड्यांबरोबर पिंपात घालून कित्येक तास, कधी काही दिवस फिरवतात, तेव्हा कडा गोल होतात. शेवटची चकाकी मात्र कापडी चाकावर, माणसाच्या हातानेच. जरा जास्त दाबलं की कोपऱ्याचा आकार गेला.

रंग आरपार असण्याचं मोल मला तिसऱ्या वर्षी कळलं. घामाने कानामागे काड्या पांढुरक्या पडल्या. आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्याने चाकावर धरून घासल्या आणि आतला तपकिरी रंग पुन्हा वर आला. वरून रंगवलेल्या फ्रेमला हे करता येत नाही, घासलं की रंगच निघतो.

साबाएची गोष्ट मला आपल्या मिरजेमुळे जवळची वाटते. साबाए ज्या फुकुई भागात आहे, तिथे बर्फामुळे हिवाळ्यात शेती बंद असायची. १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी ओसाकाहून कारागीर बोलावले आणि गावकऱ्यांना चष्मे बनवायला शिकवलं. आज जपानमध्ये बनणाऱ्या फ्रेमपैकी ९० टक्क्यांहून जास्त त्याच भागातल्या. टायटॅनियम हा धातू जोडायला फार अवघड, तापलं की हवेतला ऑक्सिजन धरतं. तरी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या फ्रेम पहिल्यांदा बनवल्या त्या तिथेच. मिरजेतही शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांचं काम कमी झालं आणि ते एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. २०२४ मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकरांच्या दुकानात जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना, एकदा बघा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कारागीर किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. चष्म्याचा सांधा कानसणारा कारागीर हेच डोळ्याने आणि बोटाने करतो. पैसे मी त्या शेवटच्या घासण्याचे देतो.

म्हणून नुसत्या नावाला पैसे देऊ नका. पुष्कळ फॅशन ब्रँड आपले चष्मे स्वतः बनवतच नाहीत. एस्सिलॉरलक्सॉटिका, साफिलो यांसारख्या कंपन्या ते परवान्यावर बनवतात. त्यातले काही चांगले असतात, पण काडीवरच्या सोनेरी अक्षरांवरून ते ठरत नाही. बिजागरी बघा, सांधा बघा, काडी उजेडात धरून आतली धातूची तार सरळ आहे का बघा. आणि नाकावर घालून खाली वाका. घसरली तर कितीही सुंदर असो, तुमची नाही.

घ्यायची ठरली तर दोन गोष्टी पाळा. मे महिन्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, अ‍ॅसिटेट उन्हाने वाकतं. आणि काडी स्वतः वाकवू नका. फ्रेम कोमट करून हाताने बसवून देणारा चष्मेवाला आधी शोधून ठेवा.