एनएफ-१, दमा आणि मेंदूतील गाठ: पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझ्या चार वर्षांच्या मुलीला न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ (एनएफ-१, म्हणजे जनुकातील बिघाडामुळे नसांवर गाठी होणारा आजार) आहे आणि वर्षभरापासून दमाही आहे. दमा असलेल्या अशा मुलांना मेंदूत गाठ होण्याची शक्यता कमी असते, असे वाचले. मग इनहेलर देऊन आम्ही तिचे संरक्षणच काढून घेत आहोत का?

उत्तर: नाही, आणि इनहेलर एक दिवसही बंद करू नका. तुम्ही वाचलेत त्याला आधार आहे, पण तो मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांचा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड गटमन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले, की या आजाराचे जनुक बिघडवलेल्या उंदरांत दमा निर्माण केला असता दृष्टिचेतेवरील, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरील, गाठीची वाढ रोखली जाते. कारण दम्यामुळे बदललेल्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) डेकोरिन नावाचे प्रथिन तयार करतात आणि त्यामुळे मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींकडून गाठीला मिळणारे पोषण थांबते. या शोधाचे मोल मोठे आहे, कारण त्यातून उद्या औषध शोधण्याची दिशा मिळू शकते. मात्र उपचाराविना सोडलेला दमा हा उपचार नव्हे. दम्याचा तीव्र झटका जीव घेऊ शकतो, तर या मुलांतील दृष्टिचेतेची गाठ बहुधा मंद वाढणारी असते.

प्रश्न: माणसांत असे काही आढळले आहे का?

उत्तर: प्रौढांतील ग्लायोमा या मेंदूतील गाठीबाबत, ॲलर्जी असलेल्यांत तिचे प्रमाण कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. परंतु असे अभ्यास बहुधा रुग्णांच्या किंवा पालकांच्या आठवणीवर उभे असतात, आणि आजारी मुलाच्या आईवडिलांची आठवण निरोगी मुलाच्या पालकांसारखी नसते. शिवाय गाठच प्रतिकारशक्तीला दडपत असेल, तर ॲलर्जी कमी दिसणे हे गाठीचे कारण नसून तिचा परिणाम ठरेल. म्हणून एखाद्या मुलाला दमा आहे की नाही, यावरून त्याचा धोका मोजता येत नाही.

प्रश्न: एनएफ-१ असलेल्या माझ्या मुलाला एक्झिमा (त्वचेला खाज आणणारा, बहुधा ॲलर्जीशी जोडलेला आजार) आहे, दमा नाही. एमआरआय करून घ्यावा का?

उत्तर: तक्रार नसताना केवळ खात्रीसाठी एमआरआय करण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही, कारण लहान मुलाला त्यासाठी बहुतेक वेळा भूल द्यावी लागते आणि सापडलेल्या अनेक गाठींना उपचारांची गरजच नसते. एनएफ-१ असलेल्या सुमारे १५ ते २० टक्के मुलांत दृष्टिचेतेची गाठ होते, बहुतेकदा सातव्या वर्षाच्या आत, आणि त्यातल्या निम्म्याहून कमी मुलांना त्रास होतो. लहान मूल 'मला कमी दिसते' असे सांगत नाही, म्हणून या वयात दरवर्षी बालनेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे हेच सर्वांत महत्त्वाचे काम आहे. डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, नव्याने तिरळेपणा येणे किंवा वयाआधीच वयात येण्याची लक्षणे दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

प्रश्न: मलाही एनएफ-१ आहे आणि माझ्या अंगावरच्या गाठींना फार खाज येते. ही ॲलर्जी आहे का?

उत्तर: नेहमीच्या अर्थाने नाही. त्वचेवरील न्यूरोफायब्रोमांमध्ये, म्हणजे या आजारातील गाठींमध्ये, मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) मोठ्या संख्येने असतात आणि त्यांतून सुटणारे हिस्टामिन हे रसायन खाजेचे एक कारण मानले जाते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, एखादी गाठ झपाट्याने वाढत असेल किंवा सतत दुखत असेल, तर मात्र लगेच.