कुठली सिस्टीम घेऊ? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजेच आरपीजी या विषयावर किनारपट्टीवरच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सिस्टीम म्हणजे अशा खेळाचा नियमसंच.

प्र. आम्ही कॉलेजचे चौघे मित्र. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) खेळायचं आहे, पण ऑनलाइन बघावं तर जाड पुस्तकं, बाहुल्या, नकाशे... नेमकं विकत काय घ्यायचं? आणि खेळतात कसं? (गुहागर)

उ. आधी खेळ. चौघांतला एक जण गेम मास्टर, म्हणजे जीएम होतो. खेळातलं जग, तिथली माणसं, राक्षस, हवामान हे सगळं त्याच्याकडे. बाकीचे तिघे एकेक पात्र घेतात. जीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि निकाल कुठेही झुकू शकेल अशा ठिकाणी फासा टाकतात. दशावतार पाहिलेल्यांना हे पटकन कळेल: आख्यान ठरलेलं, संवाद मात्र उभं राहिल्यावर सुचतात. इथे शेवटही ठरलेला नसतो, एवढाच फरक.

विकत घ्यायचे ते फक्त फासे. सात फाशांचा संच मिळतो: ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे एकेक, शिवाय ००, १०, २० असे आकडे असलेला आणखी एक दहा बाजूंचा. एका संचात भागतं, दोन असले तर बरं. बाहुल्यांऐवजी कॅरमच्या सोंगट्या आणि चौकटीची वही वापरा. एक चौकट म्हणजे पाच फूट.

नियमांना पैसे पडत नाहीत. पाचव्या आवृत्तीचे (२०१४) मूळ नियम विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ‘एसआरडी ५.१’ (नियमांचा संदर्भ-दस्तऐवज) नावाने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुले केले. २०२४ च्या सुधारित नियमांचं ‘एसआरडी ५.२’ पुढे २०२५ मध्ये आलं. दोन्हींची पीडीएफ कायदेशीरपणे फुकट मिळते. त्यांत प्रत्येक क्लासचा (म्हणजे पात्राच्या पेशाचा) एकेकच उपप्रकार आहे, पण सुरुवातीच्या पातळ्यांना तेवढा पुरे. एकाने ५.१ आणि दुसऱ्याने ५.२ उघडून बसू नये, कारण दोन्हींत नावं तीच आणि तपशील वेगळे, त्यामुळे अर्धी संध्याकाळ वादात जाते. आणि पीडीएफ सबंध छापू नका, ती शेकडो पानांची आहे. प्रत्येकाचं कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचं पान) आणि जादू वापरणाऱ्याला त्याच्या मंत्रांची पानं, एवढंच झेरॉक्सला द्या.

प्र. डी अँड डी, पाथफाइंडर, फेट, कॉल ऑफ क्थुलू... यादी संपत नाही. सिस्टीम निवडायची कशावर? (मालवण)

उ. मुखपृष्ठावर नाही आणि लोकप्रियतेवरही नाही. दोन गोष्टी बघा: नियमांची सगळ्यात जास्त पानं कशावर खर्च झाली आहेत, आणि फासा टाकला की हातात काय येतं.

१९७४ मध्ये आलेल्या डी अँड डीची मुळं लढायांच्या खेळात आहेत आणि आजही कॅरेक्टर शीटवरचा बराचसा मजकूर मारामारीचाच असतो. तुम्हाला वाड्यातला खून शोधायचा असेल तर तो मजकूर पडून राहतो. फासा वीस बाजूंचा. त्यात आपल्या पात्राचा त्या कामातला बोनस मिळवून ठरलेला आकडा गाठायचा: सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २०. बोनस +५ आणि आकडा १५ असेल तर फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. प्रत्येक +१ म्हणजे सरळ पाच टक्के. हिशेब स्वच्छ आहे, पण निकाल बहुतेक वेळा ‘जमलं’ किंवा ‘नाही जमलं’ असाच येतो. नवख्या जीएमची गाडी ‘नाही जमलं’पाशी अडते. कुलूप उघडलं नाही, मग आता काय?

ही अडचण ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) आणि तिच्यावरून निघालेल्या ‘डन्जन वर्ल्ड’सारख्या सिस्टीमनी चांगली सोडवली. दोन साधे सहा बाजूंचे फासे टाकून त्यात बोनस मिळवायचा. बेरीज १० किंवा वर गेली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण किंमत मोजून, ६ किंवा खाली आली तर जीएम संकट आणतो. पात्राचा बोनस +१ असेल तर ३६ शक्यतांपैकी १० वेळा फत्ते, १६ वेळा अर्धवट, १० वेळा संकट. अर्धवट निकाल सगळ्यात जास्त येतो आणि गोष्ट त्यावरच चालते. खटकणारी बाजू अशी की किंमत काय लावायची ते जीएमला दर वेळी जागच्या जागी सुचावं लागतं. तीन तासांनी डोकं रिकामं होतं, म्हणून दहा-बारा अडचणी आधीच कागदावर लिहून ठेवा.

‘केर्न’ दुसऱ्या टोकाला. ताकद, चपळाई आणि मनोबल असे तीनच गुण, प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे. वीस बाजूंचा फासा गुणाइतका किंवा त्याहून कमी पडला की वाचलात. सरासरी गुण साडेदहा, म्हणजे निम्म्या वेळा फसणारच. शिवाय हल्ला चुकतच नाही, थेट किती लागलं तेच टाकायचं. त्यामुळे खेळाडू तलवार उपसण्याआधी दोरी, तेल, लाच असले मार्ग शोधायला लागतात. सामानाला दहाच जागा, आणि दहाही भरल्या की बचावाचे गुण शून्य! पात्र दहा मिनिटांत तयार होतं आणि नियम फुकट आहेत.

‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) तपासाची आणि भीतीची. कौशल्य ६० असेल तर शेकडा फाशांवर (दहा बाजूंचे दोन फासे मिळून १ ते १००) ६० किंवा खाली हवेत. हे कुणालाही एका वाक्यात कळतं. तिची क्विक-स्टार्ट पुस्तिका फुकट आहे. ‘पाथफाइंडर’ची दुसरी आवृत्ती आकडेमोडीची हौस असलेल्यांसाठी. तिचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर अधिकृतपणे मोफत आहेत, पण पहिल्याच टेबलाला ती देऊ नये. ‘फेट’ उत्तम आहे, मात्र बोलायला न लाजणारी मंडळी हवीत.

आमचं मत विचाराल तर पहिल्या दोन-तीन बैठका केर्न खेळा. त्यात कोणाला काय आवडतं ते कळेल. लढाया रंगल्या तर डी अँड डीकडे जा, संवाद रंगले तर डन्जन वर्ल्डकडे.

प्र. आम्ही डी अँड डीच्या २०१४ च्या नियमांनी सुरुवात केली. चार पात्रं, पहिली पातळी, वाटेत चार गॉब्लिन लपलेले. तासाभरात चौघेही मेले. जीएमचं चुकलं की आमचं? (वेंगुर्ला)

उ. आकड्यांचं चुकलं. एक गॉब्लिन ५० अनुभव-गुणांचा (एक्सपी), चार म्हणजे २००. तीन ते सहा शत्रू असले की दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या पातळीच्या चौघांसाठी ‘प्राणघातक’ची सीमा नेमकी ४०० आहे. तीन गॉब्लिन ३०० वर जातात, तेही ‘कठीण’मध्ये. दोन असते तर दीडपट धरून १५०, आणि लढाई सोपी झाली असती. त्यातून ते लपलेले, म्हणजे पहिले वार त्यांचे आणि तेही फायद्यात, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. एक वार सरासरी साडेपाचचा, विझार्डकडे (जादूगाराकडे) जेमतेम सात हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण. दोन वारांत तो आडवा.

आडवा झाला म्हणजे मेला, असं मात्र नाही. नवीन टेबलांवर ही गफलत फार होते आणि तुमच्याकडेही झाली असावी. शून्यावर पात्र बेशुद्ध पडतं. मग आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा: १० किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश. तीन यशं झाली की पात्र स्थिर, तीन अपयशं झाली की मृत्यू. १ पडला तर दोन अपयशं, २० पडला तर एक हिट पॉइंट घेऊन उठतं. दरम्यान सोबत्याने वैद्यकीचा फासा टाकून १० गाठले तरी पात्र स्थिर होतं.

पुढच्या वेळी जीएमने आणखी एक करावं. निम्मे गॉब्लिन पडले की उरलेल्यांना पळू द्यावं. आणि खेळाडू हरले तर त्यांना मारण्याऐवजी बांधून न्यावं, पुढची बैठक आयतीच मिळते.

प्र. गणपतीला मुंबईहून सगळी भावंडं येतात. नऊ ते सोळा वयाची आठ मुलं, हातात दोन संध्याकाळी. जमेल? (दापोली)

उ. आठ जण एका टेबलावर नकोत. प्रत्येकाची पाळी दोन मिनिटांची धरली तरी जीएमचा वेळ मिळवून नऊ वर्षांच्या पोराला परत पाळी यायला वीस मिनिटं लागतात. तोवर ते अंगणात पळालेलं असतं. चार-चारची दोन टेबलं करा आणि मोठ्या दोघांना जीएम बसवा.

सिस्टीम जॉन हार्पर यांची ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’. एका पानाची, फुकट. प्रत्येकाने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. डोक्याने करायच्या कामाला फासा त्या आकड्याच्या खाली हवा, मनाने करायच्या कामाला वर. आकडा ४ घेतला तर डोक्याच्या कामाला १, २, ३ चालतात, मनाच्या कामाला ५ आणि ६. तयारी केली असेल तर एक फासा जास्त, त्या कामात तरबेज असेल तर आणखी एक. एकही फासा लागला नाही तर फसलं, एक लागला तर जेमतेम, दोन लागले तर छान, तीन लागले तर काय विचारता! फासा नेमका आपल्याच आकड्यावर पडला तर तो यशात धरायचा, आणि जीएमला एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याने खरं द्यायचं. मूळ खेळ अवकाशयानाचा आहे. त्याजागी गलबत घ्या, बाकी काही बदलावं लागत नाही. लुडोचे फासे चालतात. दीड तासावर ताणू नका, आरतीच्या आधी आटपा.

प्र. नियम मराठीत करून मित्रांना वाटले तर चालेल का? (रत्नागिरी)

उ. एसआरडी आणि केर्नचे चालेल. एसआरडीला श्रेयाची ठरलेली ओळ छापावी लागते, मग भाषांतर विकलंत तरी हरकत नाही. केर्नची अट एक जास्त: तुमची प्रतही त्याच परवान्याखाली खुली ठेवायची. विकतच्या पुस्तकांची पीडीएफ ग्रुपवर फिरवणं यात बसत नाही. खेळण्यापुरतं म्हणाल तर सगळं मराठीत करण्याची गरज नाही. कॅरेक्टर शीट तेवढं करा, बोलणं मालवणीत झालं तरी फासा कुरकुरत नाही.

प्र. गावात खेळणारं कोणी नाही. एकट्याने? (राजापूर)

उ. ‘आयर्नस्वॉर्न’. शॉन टॉमकिन यांची, २०१८ ची, पीडीएफ फुकट, आणि जीएमशिवाय खेळता यावी अशीच रचलेली. सहा बाजूंच्या फाशात गुण मिळवून दहा बाजूंच्या दोन फाशांशी तुलना करायची. दोन्हींपेक्षा जास्त आलं तर पूर्ण यश, एकाहूनच जास्त आलं तर अर्धं, एकाहूनही नाही तर फटका. बरोबरी झाली तर ती तुमच्या विरुद्ध. सोबत वही ठेवा, चार ओळी न लिहिता खेळलात तर तिसऱ्या दिवशी धागा सापडत नाही.

प्र. पावसात वीज जाते, रेंज जाते, आणि आमची पात्रं ॲपवर. (देवगड)

उ. जून ते सप्टेंबर ॲप विसरा. पीडीएफ फोनमध्ये उतरवून घ्या. शीट कागदावर, तेही पेन्सिलीने. जेलपेनची शाई दमट कागदावर पसरते, आणि हिट पॉइंट तर सारखे खोडावे लागतात. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

प्र. गोष्ट आपल्याकडचीच घ्यायची आहे: पाण्यातला किल्ला, भुतंखेतं. काही पथ्यं? (अलिबाग)

उ. भुतांचं आधी. हडळ, मुंजा, खवीस यांना बहुतेक टेबलांवर हरकत नसते. राखणदार, देवचार, वेताळ यांचं तसं नाही. एखाद्या खेळाडूच्या घरी त्यांना नारळ दिला जात असेल, आणि दुसऱ्याने त्याच्यावर तलवार उगारली तर खेळ तिथेच संपतो. बैठकीआधी पाच मिनिटं काढून प्रत्येकाला विचारा की काय अजिबात नको. टेबलाच्या मध्ये फुलीचं एक कार्ड ठेवा. कोणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग गाळायचा, कारण विचारायचं नाही.

किल्ल्यासाठी तुमच्या दारातच नमुना आहे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. या एका गोष्टीवर सबंध बैठक उभी राहते. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि रोजची वेळ जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आज दुपारी चारला पाणी उतरलं तर उद्या पाचच्या सुमारास. खेळाडूंना हे आधी सांगून टाका, त्यांना बेत आखता आला पाहिजे.

मग सगळ्यांना दिसेल अशा कागदावर सहा चौकटी काढा, प्रत्येक चौकट खेळातली वीस मिनिटं. खोली बारकाईने तपासली, जखम बांधली, फासा फसला, की एक चौकट भरा. निव्वळ बोलण्याला चौकट लावू नका, नाहीतर पोरं गप्प बसतात. चौथी भरली की वाटेवर घोट्याइतकं पाणी, पाचवीला कमरेइतकं आणि ओलांडायला चपळाईचा किंवा ताकदीचा फासा, सहावीला वाट बंद. रात्र अमावास्येची किंवा पौर्णिमेची असेल तर उधाण. तेव्हा पाचवीलाच वाट बंद करा. वाट बंद झाल्यावर “अजून एकच खोली” असं कोणी म्हणालं तर अडवू नका. किल्ल्यात रात्र काढायला किती चटया आणि किती पाणी आहे, तेवढं त्यांच्या सामानाच्या यादीत बघा.