वाचक विचारतात : मशीन कुठं थांबलं, ते खडूनं लिहा

प्रश्न : आमच्या वॉशिंग सेंटरवर रुळांवर पुढे-मागे सरकणारं, तीन ब्रशांचं ऑटोमॅटिक मशीन आहे. जुनं घेतलेलं, आता १४ वर्षांचं आहे. रोज १५ गाड्या होतात. गेल्या पावसाळ्यापासून ते मध्येच थांबतं. कधी दिवसात चारदा, कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. स्क्रीनवर ‘इमर्जन्सी’ येतं, पण बटण कुणीच दाबलेलं नसतं. मेन बंद करून चालू केला की पुन्हा सुरू होतं. बहुतेक वेळा ब्रश मागच्या काचेपाशी आले की थांबतं. दोन फोटोसेल (प्रकाशाच्या किरणानं गाडी ओळखणारे सेन्सर) आणि एक कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा स्विच) बदलून झाला, फरक नाही. आता मेकॅनिक म्हणतो पीएलसीच (मशीन चालवणारा कंट्रोलर) बदला, ९० हजार खर्च येईल. साबण लागलेल्या गाडीत गिऱ्हाईक ताटकळत बसतं, फार वाईट वाटतं. काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : पीएलसी बदलू नका, निदान अजून तरी नाही. ‘बहुतेक वेळा ब्रश मागच्या काचेपाशी आले की’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. पीएलसी सहसा जागा बघून बिघडत नाही. वायर बिघडते.

सातपूरच्या एमआयडीसीत वायरमन म्हणून लागलो, तेव्हापासून ३१ वर्षं मी थांबलेल्या मशीनांपुढे उभा राहत आलोय. कायमचा फॉल्ट सोपा असतो. मीटर घेऊन जाईपर्यंत तो जागेवरच असतो. मधूनच येणारा फॉल्ट आपण पोचेपर्यंत निघून जातो आणि मेन बंद-चालू केला की उरलासुरला पुरावाही पुसला जातो. म्हणून मशीन थांबलं की लगेच मेनकडे धावू नका. पॅनेलमध्ये हात न घालता, पीएलसीवर इनपुटचे जे बारीक दिवे असतात त्यांचा मोबाइलवर फोटो काढा. मशीन चांगलं चालू असतानाचा, त्याच जागेवरचा एक फोटो आधी काढून ठेवा. दोन्ही शेजारी धरले की कोणता दिवा विझलाय ते दिसतं.

मग रुळाशेजारच्या फरशीवर, चाक जिथं उभं आहे तिथं खडूनं रेघ मारा. शेजारी तारीख, वेळ आणि मशीन जात होतं की येत होतं तेवढं लिहा. पाण्यानं पुसलं जाईल, म्हणून वहीतही उतरवा. अशा दहा रेघा होऊ द्या. त्या वीतभर जागेत गोळा झाल्या, तर फॉल्ट जागेशी बांधलेला आहे. सगळीकडे विखुरल्या, तर ओल, उष्णता किंवा सप्लाय बघायचा.

तुमच्या रेघा एका जागी येतील असा माझा अंदाज आहे आणि माझा संशय केबल चेनवर आहे. मशीनबरोबर लोळत जाणारी ती प्लॅस्टिकच्या दुव्यांची साखळी. रोजच्या १५ गाड्या, प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या धरल्या, वर्षाचे ३०० दिवस, तर १४ वर्षांत आतली केबल सव्वा लाखाच्या वर वेळा वाकून सरळ झाली आहे. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतली तांब्याची तार तुटून टोकाला टोक लागून राहिलेली असते. चेनचा बाक बरोबर त्या जागी आला की टोकं क्षणभर सुटतात आणि पुढं सरकलं की परत जुळतात. आवरणाला बारीक चीर गेली असेल तर पावसाळ्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि त्रास वाढतो. तुमच्या दोन्ही तक्रारी यात बसतात.

‘इमर्जन्सी’चं कोडंही इथंच सुटतं. लाल बटणं, रुळाच्या टोकाचे लिमिट स्विच, ब्रश जास्त कलला तर उघडणारा स्विच, हे सगळे एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. २४ व्होल्ट एका टोकानं आत जातात आणि सगळ्यांतून फिरून सेफ्टी रिलेपर्यंत, म्हणजे सप्लाय मिळतोय तोवरच मशीन चालू देणाऱ्या स्विचपर्यंत येतात. वाटेत कुठंही निमिषभर तुटलं की रिले पडतो. मशीनला कळतं ते एवढंच की कुणीतरी थांबवलं. साधा मल्टिमीटर एवढं लहान तुटणं दाखवतच नाही.

त्यासाठी एक सापळा आहे, चांगल्या वायरमनकडून लावून घ्या. सिरीजचे मधले पॉइंट पॅनेलमध्ये टर्मिनलवर आलेले असतात. तशा प्रत्येक पॉइंटवरून २४ व्होल्टचा एक छोटा रिले घ्यायचा, पण त्याच्या कॉइलचा सप्लाय त्याच्याच उघड्या कॉन्टॅक्टमधून फिरवायचा आणि त्या कॉन्टॅक्टला समांतर एक पुश बटण द्यायचं. सकाळी बटणं दाबून सगळे रिले उचलायचे. पॉइंटवरचा सप्लाय क्षणभर गेला तरी रिले पडतो, आणि सप्लाय परत आला तरी पडलेलाच राहतो. मशीन थांबलं की बघा : शेवटचा उचललेला रिले आणि पहिला पडलेला रिले यांच्या मधल्या तुकड्यात दोष आहे. हा सापळा फक्त ऐकतो. कुणी ‘तोवर इमर्जन्सीला जंपर मारू’ (म्हणजे वायर टाकून ती टाळू) म्हणालं तर ठाम नाही म्हणा. त्या मशीनसमोर तुमची माणसं काम करतात.

तुकडा केबल चेनमधून जाणारा निघाला, तर मेन बंद करून कुलूप लावा. मशीन रुळावर जेवढं सरकतं, चेनचा बाक त्याच्या निम्मंच सरकतो. म्हणजे चेन शोधायची ती चाकाच्या रेघेसमोर नव्हे, मशीन त्या रेघेवर असताना बाक जिथं पडतो तिथं. तिथले दुवे उघडा, वायरची दोन्ही टोकं सोडवून मीटर लावा आणि केबल हातानं हळूहळू वाकवा. मीटरची पीप तुटली की जागा सापडली.

केबलमध्ये एखादी मोकळी वायर असेल तर त्यावर काम तात्पुरतं चालतं. पण बाकीच्या वायरी त्याच वयाच्या आहेत. पूर्ण लांबीची नवी केबल टाका, चेनमध्ये जॉइंट नको. दुकानात ‘केबल चेनसाठीची’ असं सांगूनच मागा, साधी फ्लेक्सिबल तिथं टिकत नाही. बाकाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या साधारण दहापट हवी, आणि चेनमध्ये केबली कोंबू नका.

रेघा विखुरलेल्या निघाल्या तर जंक्शन बॉक्स उघडून बघा. बोअरचं पाणी जड असतं, सगळीकडे पांढरे क्षार बसतात. वायर बॉक्समध्ये नेहमी खालून शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला लोंबता झोळ हवा, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. बॉक्स सिलिकॉननं बंद करणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातल्या आम्लानं तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन मिळतं.

आणि वेळ का लिहायची, ते सांगतो. नाशिकच्या एका वर्कशॉपमधलं मशीन हिवाळ्यात रोज पाचच्या सुमाराला थांबायचं. तीन माणसांनी तीन फोटोसेल बदलले होते. मी दुपारभर तिथं स्टूल टाकून बसलो. पाचला ऊन पश्चिमेच्या दारातून आडवं आत आलं आणि थेट फोटोसेलच्या रिसीव्हरच्या, म्हणजे किरण पकडणाऱ्या भागाच्या काचेत शिरलं. रिसीव्हर आणि एमिटर (किरण सोडणारा भाग) यांच्या जागा बदलल्या, रिसीव्हरची पाठ पश्चिमेला गेली. त्या हिवाळ्यात मशीन पुन्हा थांबलं नाही. वहीत ‘पाच वाजता’ हे कुणी आधी लिहिलं असतं, तर तीन फोटोसेलचे पैसे वाचले असते.

दहा रेघा झाल्या की मला कळवा.

प्रश्न : आठवड्याच्या सुट्टीनंतर सकाळी गाड्या धुण्याचं मशीन लावलं की ईएलसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा ब्रेकर) पडतो. दोन-तीनदा उचलला की टिकतो, मग दिवसभर त्रास नाही. ३० मिलिअँपिअरचा काढून १०० चा लावू का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : लावू नका. तुमचा माणूस ओल्या फरशीवर उभा असतो. ३० चा आकडा त्याच्या जिवासाठी आहे. सुट्टीत मोटर थंड पडते, तुमच्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत टर्मिनल बॉक्समध्ये ओल धरते, आणि मशीन चाललं की गरम होऊन सुकते. सुट्टीनंतरच्या सकाळी, मशीन लावायच्या आधी, एकेक मोटर ड्राइव्हपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या युनिटपासून) पूर्ण सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं मोजून घ्या. ड्राइव्ह आणि पीएलसी जोडलेले असताना मेगर मारला तर ते जळतील. पाण्याच्या झोतात येणाऱ्या मोटरपासून सुरुवात करा. जी १ मेगओहमच्या खाली दाखवेल तिचा बॉक्स उघडा, गॅस्केट आणि ग्लँड (वायर आत शिरते तिथलं सील) बदला. दुपारी मोजू नका. दुपारी तीच मोटर सुकून चांगलं रीडिंग देईल.