‘कविसंमेलन’ की ‘कवी संमेलन’? सामासिक शब्द जोडून लिहायचे की तोडून, आणि इंग्रजी शब्दांचं काय?

जोडून. ‘मध्ये जागा सोडली की सुटसुटीत दिसतं’ हे मत बॅनर करणाऱ्यांपासून संपादकांपर्यंत सगळीकडे पसरलंय. मला ते साफ अमान्य आहे.

शंका आली तर दोन पदांच्या मध्ये एखादा शब्द घालून बघा. ‘सहकारी संस्था’ची ‘सहकारी पतपुरवठा संस्था’ होते, म्हणजे ते दोन शब्द. ‘पाणी नियमित पुरवठा’ असं कुणी म्हणेल का? ‘पाण्याचा नियमित पुरवठा’ म्हणावं लागतं. मधला प्रत्यय गळून जे उरतं ते एकच पद: पाणीपुरवठा. (पाणवठा, पाणबुडी तोडायचं कुणाच्या मनातही येत नाही.)

खरा घोळ होतो तो ऱ्हस्व-दीर्घाचा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे कवी, गुरू, वायू, मृत्यू हे तत्सम (संस्कृतातून आलेले) शब्द एरवी दीर्घान्त, पण समासात पहिलं पद असले की ऱ्हस्वान्त: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा, वायुप्रदूषण, मृत्युपत्र. मूळच्या इन्-अन्त (संस्कृतात शेवटी ‘इन्’ असलेल्या, जसं प्राणिन्) शब्दांचंही तसंच: प्राणिसंग्रहालय, पक्षिनिरीक्षण, मंत्रिमंडळ. म्हणून ‘कवी संमेलन’ चूक, ‘कवि संमेलन’ चूक आणि नुसतं जोडून लिहिलेलं ‘कवीसंमेलन’ही चूकच. लक्ष्मी, नदी, वधू मूळ संस्कृतातच दीर्घ, तेव्हा लक्ष्मीपूजन, नदीकाठ, वधूवर. पाणी तत्सम नाही, म्हणून पाणीटंचाईतला ‘णी’ दीर्घच राहतो.

संगणकातल्या लाल रेघेवर विसंबू नका. ‘कवी’ आणि ‘संमेलन’ सुटे बरोबर असल्याने तिथे रेघ येत नाही. ‘कविसंमेलन’ त्याच्या शब्दसंग्रहात नसेल तर नेमकी त्याच्याखाली येते, आणि माणसं बरोबर शब्द तोडून मोकळी होतात. ‘मुंबई मध्ये’, ‘शाळे पासून’ हाही त्याच सवयीचा प्रताप. शब्दयोगी अव्यय जोडूनच. ‘शाळे’ला सुटा अर्थ काय?

‘वाचकाला कळलं म्हणजे झालं’ म्हणणाऱ्यांनी ‘दर’ बघावा. दरमहा, दररोज जोडून. ‘दर महिन्याला’ तोडून. महिन्याला प्रत्यय लागलाय, तो स्वतंत्र उभा आहे. जागा सोडणं न सोडणं हे व्याकरण आहे, सजावट नाही.

मात्र सरसकट जोडत सुटू नका. ‘माजी विद्यार्थिसंघ’ लिहिलंत तर संघच माजी होतो. तिथे ‘माजी विद्यार्थ्यांचा संघ’ म्हणा किंवा तिन्ही पदं सुटी ठेवा. ‘ग्रामीण पाणीपुरवठा योजना’मध्ये योजनाही चिकटवायचा हट्ट नको. संस्थेचं नोंदणीकृत नाव तोडलेलं असेल तर तसंच लिहावं लागतं.

इंग्रजी शब्द सुटे चालतात: ऑनलाइन अर्ज, मोबाइल दुरुस्ती. ‘रेल्वेस्थानक’ दोन्ही तऱ्हांनी दिसतं. एका मजकुरात एकच तऱ्हा ठेवा.