अपघातानंतर हाडात जंतुसंसर्ग झाल्याने आठ महिने काम बंद आहे आणि बचत संपत आली आहे. कामाची गाडी विकावी का? पुढचा खर्च कसा भागवावा?

गाडी एवढ्यात विकू नका, असे माझे मत आहे. माझ्या नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले होते, आत घातलेल्या रॉडला जंतुसंसर्ग झाला आणि मी पुन्हा कामाला लागलो तो सतरा महिन्यांनी. त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत, वैद्यकीय सल्ला नव्हे.

माझी चूक हिशेबाची होती. ‘तीन महिन्यांत चालू लागाल’ हे वाक्य मी पक्की तारीख समजलो, तेवढ्यापुरतेच पैसे बाजूला ठेवले आणि चौथ्या महिन्यात हातउसने घेण्याची वेळ आली. हाडातला संसर्ग तारखेने चालत नाही. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर जेमतेम कातडी असते, स्नायूंचे आवरण नसते. शिवाय जंतू धातूवर चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून मेलेले हाड खरवडायचे, प्रसंगी रॉड काढायचा, काही आठवडे अँटिबायोटिक घ्यायचे आणि मग पुढचे ठरवायचे, असे ते चालते. तेव्हा डॉक्टरांना ‘केव्हा बरा होईन’ असे न विचारता, पुढची पायरी कोणती, तिला किती आठवडे लागतील आणि ती फसली तर काय करावे लागेल, हे खर्चासह विचारून घ्या.

मला अखेर पायाभोवती कड्यांची इलिझारोव चौकट बसवावी लागली; तिचे नट फिरवून हाड हळूहळू ताणत वाढवतात. पाच सेंटीमीटर हाड काढले होते आणि नवे हाड दिवसाला 1 मिलिमीटर वाढवायचे होते, म्हणजे रोज चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. पाना फिरवण्याचे काम पत्नी करी, मी घड्याळ पाही. हे पन्नास दिवसांत आटोपेल असे मी धरून चाललो. ते नवे हाड कडक होण्यास त्याच्या दुपटीहून अधिक काळ लागतो, हे गणित कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पत्नीने बिनपगारी रजा घेतल्यामुळे दुसरे उत्पन्नही थांबले होते. रुग्णालयाची बिले मी जपून ठेवली, पण ड्रेसिंगचे सामान, येण्याजाण्याचे भाडे आणि तपासण्या यांची नोंद केली नाही. खरी गळती तिथेच होती.

काटकसर कुठे करावी, याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. शिरेतून औषध घेण्यासाठी खाट अडवून राहणे दरवेळी आवश्यक नसते. ब्रिटनमध्ये 1054 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांच्या उपचारासाठी योग्य निवडलेल्या गोळ्या सलाइनमधल्या औषधाहून कमी ठरल्या नाहीत. आपल्या कल्चर रिपोर्टनुसार (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते, हे सांगणारी तपासणी) तसे शक्य आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र पैसे वाचवण्यासाठी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. मी दहा दिवस बंद ठेवल्या, जखम पुन्हा वाहू लागली आणि आणखी एक शस्त्रक्रिया पदरात पडली. धूम्रपान करीत असाल तर ते थांबवा. त्याने हाड जुळायला वेळ लागतो आणि पैसेही जातात.

विम्याची वार्षिक मर्यादा किती उरली आहे आणि घरी सोडल्यानंतरची बिले किती दिवसांच्या आत द्यावी लागतात, ते पॉलिसीत आजच पाहा. माझी दोन बिले केवळ मुदत टळल्याने बुडाली. कर्जाचा हप्ता थकणार असेल तर थकण्याआधीच वैद्यकीय कागद घेऊन बँकेत जा. आधी गेलेल्याचे ऐकून घेतात, हप्ता चुकवून गेलेल्याला नोटीस दाखवतात.

गाडीबद्दल एवढ्या ठामपणे लिहितो, कारण माझा छपाईचा व्यवसाय आहे आणि चौथ्या महिन्यातच मी माझे यंत्र मातीमोल किमतीला विकले होते. ते पैसे सात आठवडे पुरले. पुढे काम सुरू केले तेव्हा तसेच यंत्र भाड्याने घ्यावे लागले, आणि ते भाडे मी अजून भरतो आहे.