पहिल्यांदा रुग्णभेटीला जाताना
अगं, चर्चच्या मंडळीतर्फे निघालीस ना? पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नकोस, आजारी माणूस लवकर थकतो. प्रार्थनेआधी 'करू का?' असं विचार, आवाजही हळू ठेव. शेजारच्या खाटांवरही माणसं असतात. 'देवाची इच्छा' हे शब्द तर काढूच नकोस. मी सुरुवातीला काढले होते; त्या बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, 25व्या अध्यायात येशू आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याबद्दल बोलतो, उपदेशाबद्दल नव्हे. आणि सोबतचा नातेवाईक? रात्रभर जागलेला असतो बिचारा. त्याला म्हण, 'जेवून या, तोवर मी बसते.' मग पंधरा मिनिटांचा नियम मोडला तरी चालेल. डबा नेण्याआधी पथ्य विचार. 'गुरुवारी येते' म्हणालीस, तर गुरुवारी जाच.