तोच टायर, परत परत पंक्चर

प्रश्न : भाऊ, माझी जुनी स्प्लेंडर आहे, स्पोकच्या चाकांची, ट्यूबवाली. रोज चोपड्याहून यावलकडं शेतातल्या रस्त्यानं जाणं असतं. महिन्यात मागचं चाक तीनदा बसलं, शेवटी तर बायको आणि लहान पोरगी सोबत होती, भर उन्हात दोन किलोमीटर गाडी ढकलली. पंक्चर काढलं की आठ दिवसांत परत. नवी ट्यूब टाकू की ट्यूबलेस करू? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : दादा, लेकरू सोबत असताना असं झालं की जीव किती वरखाली होतो ते कळतं मला. पण ट्यूबवर पैसे घालायच्या आधी टायर आतून बघा. आपल्याकडं बांधाबांधावर बाभूळ, तिचा काटा टायरमध्ये घुसला की बाहेरचा तुकडा रस्त्यावर घासून जातो आणि टोक रबरातच राहतं, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. दुकानवाला घाईत ट्यूबला पॅच मारून टायर चढवून देतो आणि तेच टोक शेजारी नवं भोक पाडतं.

म्हणून पुढच्या वेळी तिथं उभं राहा. टायर एकाच बाजूनं खोलायला सांगा आणि ट्यूब काढताना व्हॉल्व्ह कुठं होता तिथं टायरवर खडूची खूण करा. भोक सापडलं की ट्यूब तशीच टायरला लावून बघायची, काटा त्याच्या आसपासच असतो. मग जुनं सुती फडकं टायरच्या आतून हळूहळू फिरवा, जिथं धागा अडकेल तिथं टोक आहे, नुसतं बोट फिरवू नका, चिरतं. पक्कडीनं काढा. भोक रिमच्या बाजूला निघालं तर मात्र काटा नाही, रिमवरची रबरी पट्टी सरकलीय आणि स्पोकचं टोक टोचतंय, ती पट्टी बदला, स्वस्तात काम होतं. आणि सोल्युशन लावल्यावर ते सुकू द्यायला सांगा, ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो.

ट्यूबलेसचं म्हणाल तर स्पोकच्या रिममध्ये हवा स्पोकच्या भोकांतून निघून जाते, त्यामुळं नुसता टायर बदलून भागत नाही, सहसा अलॉय चाकंच घ्यावी लागतात. त्यापेक्षा एक नवी ट्यूब सोबत ठेवा.

रस्त्यात मागचं चाक डुलायला लागलं तर ॲक्सिलरेटर हळूच सोडा, मागचा ब्रेक जोरात दाबू नका, पुढचा हलक्या हातानं वापरा. आणि बसलेल्या चाकावर डबल सीट अजिबात नको, ट्यूब आतल्या आत सरकते, व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, मग पॅचचा उपयोग नाही. सगळ्यांना उतरवा, गाडी चालू ठेवून पहिल्या गिअरला टाका आणि क्लच सांभाळत शेजारून चाला, ढकलावी लागत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवतात, बरोबर आहे का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नाही ताई, उलट आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो, त्यात आपला 44-45 अंशांचा मे महिना. कंपनीनं गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात दिलीय तेवढीच भरा, सकाळी, टायर थंड असताना. पंपावर रांग नसते तेव्हा.